बुलढाण्याचे एकवीस बाईट

माझ्या लिनक्सवर 'बुलढाणा' हा शब्द २१ बाईट जागा खातो. रोमन अक्षरांत लिहिला तर ८ बाईटांत भागतं. जुन्या मशीनची डिस्क काठोकाठ भरली तेव्हा भाच्यानं हाच हिशोब मांडला: "मामा, आजोबांची पत्रं रोमनमध्येच टाईप करू या, जागा वाचेल." सूचना वेडगळ नाही. पण हे असं का झालं, याची गोष्ट मजेशीर आहे.

युनिक्सला चणचणीचं बाळकडूच मिळालंय. १९७१ साली बेल लॅब्जमध्ये ते ज्या पीडीपी-११ वर चालायचं, तिची डिस्क अर्ध्या मेगाबाईटची. एका फाईलला कमाल ६४ किलोबाईट. मोकळी जागा सांगणारी 'डीएफ' आणि कोण किती खातंय ते सांगणारी 'डीयू' या दोन्ही आज्ञा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या पहिल्या मॅन्युअलात आहेत. आपण अजून त्याच मारतो.

इकडे आपल्याकडे १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक (आयएस १३१९४) ठरलं. त्यात प्रत्येक अक्षराला, मात्रेला एकच बाईट. त्या हिशोबानं बुलढाणा फक्त सात बाईट, म्हणजे रोमनपेक्षाही एक कमी! युनिकोडनं देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली, पण क्रमांक दिले २३०४ पासून पुढचे.

मग सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत बसून यूटीएफ-८ आखलं. थॉम्पसन म्हणजे तोच, अर्ध्या मेगाबाईटवाला. नियम असा: १२७ पर्यंतच्या क्रमांकांना एक बाईट, २०४७ पर्यंत दोन, त्यापुढे तीन. ग्रीक, रशियन, अरबी दोनात बसल्या. आपण अडीचशे घरांनी हुकलो. यात कुणाचा कावा वगैरे नाही, रांगेत उभं राहण्याचा प्रश्न. पण लिनक्सवर फाईलच्या नावाला २५५ बाईटांची मर्यादा असते, तिथे मराठीला ८५ च चिन्हं मिळतात, मात्रा धरून. लांबलचक नावं ठेवणाऱ्यांनी (आमच्या घरात बरेच आहेत) ध्यानात ठेवावं.

तरी भाच्याचं गणित चुकतं. डिस्क साधारणपणे ४०९६ बाईटांच्या ठोकळ्यांत वाटली जाते. फाईलमध्ये एकच शब्द असला तरी अख्खा ठोकळा जातो, मग तो रोमन असो की देवनागरी. लाखभर शब्दांचं मराठी पुस्तक दोनेक मेगाबाईट होतं, म्हणजे फोनमधल्या एका फोटोएवढं. शिवाय देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाईट तोच तो असतो, त्यामुळे जीझिप केलं की फुगवटा बराचसा ओसरतो.

आमची डिस्क खरी कशानं भरली होती? 'डीयू'नं सांगितलं: अपडेटची उतरवून ठेवलेली पॅकेजं आणि सिस्टिमच्या नोंदी. जर्नलला आवर घातला नाही तर ते चार जीबीपर्यंत वाढू शकतं. आणि एक मोठी लॉग फाईल पुसूनही 'डीएफ' हलेना, कारण चालू प्रोग्रॅमनं ती धरून ठेवली होती. प्रोग्रॅम बंद केल्यावर जागा सुटली.

असो. पत्रांचं दुखणं वेगळंच आहे. त्यातली काही काकांनी नव्वदच्या दशकात टाईप केली होती, तेव्हाच्या कुठल्याशा फॉन्टात. एका चिन्हाला एक बाईट, फाईल चिमुकली. तो फॉन्ट आता कुणाकडे नाही. उघडलं की कंस, टक्के आणि डॉलर. बहुतेकांचे मूळ कागद आहेत, ती पुन्हा टाईप होतील. तीन पत्रांचे कागद मात्र पावसात गेले. आता भाचा ती चिन्हाला चिन्ह लावून सोडवतोय. आजोबांचं पत्र 'चि.'नं सुरू होणार आणि पुढे 'अनेक आशीर्वाद' येणार, हे पक्कं ठाऊक. तेवढ्यावरून अ, न, क, श, व, द हाती लागली आहेत.