फौजेतून बाहेर पडलेली पिस्तुले

‘एम १९११’ हे पिस्तूल अमेरिकी लष्कराने २९ मार्च १९११ रोजी अधिकृतपणे स्वीकारले. १९८५ मध्ये बेरेटाच्या पिस्तुलाची निवड होईपर्यंत तेच सैनिकांच्या कमरेला राहिले. फिलिपिन्समध्ये मोरो लढवय्यांशी झालेल्या चकमकींत ०.३८ बोअरची रिव्हॉल्व्हरे अपुरी पडली, म्हणून लष्कराला जाड आणि जड गोळी हवी होती. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेल्या या पिस्तुलात ०.४५ बोअरची सात काडतुसे मॅगझीनमध्ये मावत आणि रिकाम्या पिस्तुलाचे वजन सुमारे ११०० ग्रॅम भरे. १९२० च्या दशकाच्या मध्यावर चाप आखूड झाला, चापामागे चौकटीला बोटासाठी खाच आली, मुठीची मागची बाजू फुगीर झाली. या सुधारलेल्या रूपाला ‘एम १९११ ए १’ म्हणतात. आज संग्राहकांच्या हाती पडणारी बहुतेक लष्करी पिस्तुले याच जातीची असतात.

दुसऱ्या महायुद्धात मूळ उत्पादक असलेल्या एकट्या कोल्ट कंपनीला मागणी पुरवणे शक्य नव्हते. मग टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडने सिरॅक्यूजच्या कारखान्यात पावणेनऊ लाखांहून अधिक पिस्तुले घडवली. हे त्या युद्धातले सर्वांत मोठे उत्पादन. शिकारी बंदुकांसाठी प्रसिद्ध असलेल्या इथाकाने सव्वातीन लाखांहून अधिक, तर रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने सुमारे ५५ हजार दिली. शिलाई मशीनच्या सिंगर कंपनीने फक्त ५०० नग केले आणि त्यानंतर तिला अधिक सूक्ष्म लष्करी उपकरणांच्या कामाला लावण्यात आले. स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या सरकत्या भागावर, कोरलेल्या या पाच नावांवर आजच्या किमतीचा पहिला अंदाज बांधला जातो.

मात्र स्लाइडवरचे नाव पूर्ण हकिकत सांगत नाही. कोणत्याही कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलात बसलाच पाहिजे, ही लष्कराची अट होती. युद्ध संपल्यावर लाखो पिस्तुले शस्त्रागारांत परत आली, सुटी झाली, भाग धुऊन-तपासून ढिगात पडले आणि हाताला येईल त्या भागांतून पुन्हा जोडली गेली. ऑगस्टा, रॉक आयलंड, स्प्रिंगफील्ड अशा ठिकाणी डागडुजी झाल्याचे आद्याक्षरांचे शिक्के अनेक चौकटींवर सापडतात. त्यामुळे इथाकाच्या चौकटीवर रेमिंग्टन रँडची स्लाइड आणि आत कोल्टची नळी असे पिस्तूल मुळीच दुर्मीळ नाही. बाजारात त्याला कमी मोल मिळते, पण कोरिया आणि व्हिएतनाममध्ये प्रत्यक्ष वापरात होती ती बरीचशी अशीच पिस्तुले. लष्करी इतिहासाचा अस्सल दस्तऐवज म्हणून त्यांचा मान कमी समजणे चुकीचे आहे.

जुनी शस्त्रे नेमबाज नागरिकांना देण्याची अमेरिकी प्रथा जुनी आहे. तिची सुरुवात नेमबाजीच्या प्रसारासाठी १९०३ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय मंडळापासून झाली. १९६० च्या दशकाच्या आरंभी या मार्गाने काही पिस्तुले विकली गेली, पण पुढे अनेक दशके ही वाट बंदच होती. दरम्यान, अलाबामातील अ‍ॅनिस्टनच्या लष्करी कोठारात सुमारे एक लाख पिस्तुले पडून होती. ती सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या संस्थेकडे सोपवण्याची मुभा २०१५ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने दिली आणि २०१८ च्या शरद ऋतूत पहिली विक्री झाली. अर्ज फक्त टपालाने घेतले गेले. मागणी इतकी प्रचंड होती की अर्जांना सोडतीने क्रमांक द्यावे लागले. ग्राहकाची पार्श्वभूमी तपासून पिस्तूल परवानाधारक विक्रेत्यामार्फतच हाती येई.

संस्थेने स्थितीच्या तीन प्रती ठरवल्या. पहिली ‘सर्व्हिस’, किंमत १०५० डॉलर. दुसरी ‘फील्ड’, ९५० डॉलर: थोडा गंज, थोडे खड्डे, झीज, पण मुठीच्या पट्ट्या शाबूत. तिसरी ‘रॅक’, ८५० डॉलर: खड्डे जास्त, पट्ट्या तडकलेल्या असू शकतात, किरकोळ काम करावे लागेल, तरी पिस्तूल चालते. विशेष नग लिलावासाठी वेगळे काढले गेले. ही प्रतवारी वापराच्या दृष्टीने केलेली होती. भाग मूळचे आहेत की नाहीत याच्याशी तिचा संबंध नव्हता. संग्राहकाला मात्र दोन्ही बाजू तपासाव्या लागतात.

तपासणी मॅगझीन काढून आणि काडतुसाची जागा डोळ्यांनी व बोटाने रिकामी असल्याची खात्री करून सुरू होते. हॅमर मागे ओढून मुठीची सेफ्टी न दाबता चाप ओढला, तर हॅमर पडता कामा नये. स्लाइड किंचित मागे सरकवून चाप ओढला, तरीही पडता कामा नये. पडला, तर पिस्तूल थेट कारागिराकडे जायला हवे. मग नळी उजेडाकडे धरून पाहतात. महायुद्धाच्या काळच्या लष्करी काडतुसांच्या टोपीतील रसायन जळल्यावर मागे क्षार राहत आणि ते ओलावा ओढून घेत. सैनिकाने वेळेवर नळी धुतली नसेल, तर नळीच्या आतल्या आट्यांच्या खोबणीत बारीक काळे ठिपके दिसतात. ठिपके थोडे असतील तर नेमबाजीत फारसा फरक पडत नाही, पण आट्यांच्या कडा बोथट झाल्या असतील तर नळी संपली. स्लाइडवर भेगा शोधायच्या त्या रिकामी काडतुसे बाहेर पडतात त्या खिडकीच्या कोपऱ्यांत. स्लाइड मागे अडवून धरणाऱ्या स्लाइड-स्टॉपची खाच ठोकून चपटी झाली आहे का, हेही बघावे लागते. जुन्या स्लाइडांचे पोलाद सगळीकडे सारखे कडक केलेले नव्हते, त्यामुळे तिथे धातू हळूहळू दबतो.

अस्सलपणाची परीक्षा यापुढची आहे. चौकटीवर तपासनिसाची आद्याक्षरे असतात. ‘जी. एच. डी.’ म्हणजे गाय ड्र्युरी, हा शिक्का कोल्टवर, तर ‘एफ. जे. ए.’ म्हणजे फ्रँक अ‍ॅटवुड, हा रेमिंग्टन रँड आणि इथाकावर आढळतो. ‘जी. एच. डी.’च्या चौकटीवर रेमिंग्टन रँडची स्लाइड दिसली की जोडकाम उघड झाले. उलट रेमिंग्टन रँडमध्ये ‘एच. एस.’ असा शिक्का असलेली हाय स्टँडर्डची नळी हा दोष नव्हे. त्या कारखान्याला नळ्या बाहेरून येत असत.

यानंतर पृष्ठभाग. युद्धकाळातली बरीच पिस्तुले फॉस्फेटच्या प्रक्रियेने, म्हणजे पार्करायझिंगने, राखाडी मंद रंगाची केलेली असत. संग्राहक मूळ थर किती टक्के उरला आहे हे मोजतात. होल्स्टरमध्ये घासून नळीच्या टोकाशी आणि कडांवर थर उडणे स्वाभाविक असते. अक्षरांच्या कडा गोलावल्या असतील, शिक्के पुसट असतील आणि रंग मात्र एकसारखा ताजा असेल, तर पिस्तूल घासून पुन्हा रंगवलेले आहे. अशा कामाने किंमत बरीच घसरते. लष्करी शस्त्रागाराने केलेले पार्करायझिंग मात्र वेगळे मोजायला हवे, कारण तेही त्या पिस्तुलाच्या सेवेचाच भाग आहे.

सिंगरच्या ५०० नगांना ‘एस ८००००१’ ते ‘एस ८००५००’ हे अनुक्रमांक होते. एका नगाला २०१७ च्या लिलावात चार लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. अशा किमतींमुळे साध्या स्लाइडवर सिंगरचे नाव कोरण्याचे प्रकार होतात, म्हणून अक्षरांचे वळण, शिक्क्यांची खोली आणि चौकटीवरचा ‘जे. के. सी.’ हा तपासनिसाचा शिक्का भिंगाखाली एकत्र तपासतात. कोल्टच्या पिस्तुलांना कंपनीच्या दप्तरातून पत्र मिळू शकते. त्यात नग कोणत्या तारखेला आणि कुठे रवाना झाला याची नोंद असते. पत्रातला तपशील हातातल्या पिस्तुलाशी जुळला, तर त्याच्या जन्माबद्दलचा बराचसा संशय मिटतो. पुढे शस्त्रागारात त्याचे काय झाले, ते मात्र त्याच्या भागांवरूनच वाचावे लागते.