हट्टी

हट्टी : कर्नाटकातील रायचूर जिल्ह्याच्या लिंगसुगूर तालुक्यातील खाणगाव. कोलारची खाण 2001 मध्ये बंद पडल्यापासून भारतातील सोन्याची मुख्य चालू खाण हीच. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधील रायचूर दुआबात ती आहे. हा मुलूख दोन नद्यांच्या कुशीत असूनही कोरडा आहे. माळ, ग्रॅनाइटचे धोंडे आणि बेभरवशाचा पाऊस. खाणीला आणि वसाहतीला लागणारे पाणी कृष्णेवरून आणावे लागते. ‘हट्टी’ या कानडी शब्दाचा अर्थ वाडी, गुरांचा गोठा.

मराठवाड्याच्या वाचकाला हे ठिकाण परके वाटू नये. हिंगोली आणि लिंगसुगूर ही दोन्ही हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या छावण्यांची गावे, आणि 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यातली. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. परभणी जिल्ह्याबरोबर हिंगोली मुंबई राज्यात आली आणि रायचूर म्हैसूर राज्यात गेला. (हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी.)

मग सोने तिकडेच का? हिंगोलीचा काळा पाषाण आणि हट्टीच्या शिरा ज्या गडद खडकात आहेत तो खडक, दोन्ही मुळात लाव्हाचेच. फरक वयाचा आणि सोसण्याचा. हिंगोलीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थरावर थर साचला आणि जवळजवळ तसाच पडून राहिला. हट्टीचा अडीचशे कोटी वर्षांहून जुना. तो जमिनीत खोल दाबला गेला, मुडपला, भाजून रूपांतरित झाला. त्याला पडलेल्या भेगांतून खालचे उष्ण द्रव वर चढले आणि गारगोटीबरोबर सोने मागे ठेवून गेले. अशा जवळजवळ उभ्या, एकमेकींना समांतर शिरा इथे आहेत. ओकलेज, मिडल, व्हिलेज, स्ट्राइक ही त्यांची खाणीतली नावे. मुळात सोने पृथ्वीवर घडत नाही. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत ते घडते, याला 2017 मधील गुरुत्वीय लहरींच्या वेधाने बळकटी आली. आणि अशाच लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहत आहे.

हट्टीचे खरे नवल तिच्या जुन्या खाणकामात आहे. नव्या काळातील लोक खाली उतरले तेव्हा त्यांना आपल्या आधी कोणीतरी येऊन गेल्याचे दिसले. हे जुने काम सुमारे 640 फुटांपर्यंत पोहोचले होते. तिथे सापडलेल्या लाकडाचे कार्बनमापनाने ठरलेले वय सुमारे दोन हजार वर्षे आहे. सुरुंगाची दारू नव्हती. लाकडे पेटवून खडक तापवायचा, वर पाणी ओतून तो तडकवायचा आणि छिन्नीने फोडायचा. कोंडलेल्या धुरात, पाण्याशी झगडत, दोनशे मीटर खाली. जगातील सर्वांत खोल प्राचीन खाणींत हिची गणना होते. धातुक दळण्याचे उखळीसारखे खळगे या पट्ट्यातील खडकांवर दिसतात. या माणसांचे नाव-गाव कुठल्याही लेखात नाही. निजामाच्या राज्यातील खाण अधिकारी लिओनार्ड मन यांनी प्राचीन खाणी आणि महापाषाणी दफने यांचा संबंध जोडण्याचा प्रयत्न केला. आणि हट्टी-मस्की पट्ट्यातील मस्की येथे 1915 मध्ये सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या सी. बीडन या अभियंत्याला जो शिलालेख सापडला, त्यात ‘देवानांपिय’ या बिरुदासोबत ‘असोक’ हे नाव स्पष्ट कोरलेले आहे. बिरुदामागचा राजा कोण, हा वाद त्याने मिटवला. सोन्याहून मोलाचा ऐवज तो हाच.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी कंपनीने येथे काम चालवले; पहिल्या महायुद्धानंतर ते थांबले. 1937 मध्ये निजाम सरकारने पुन्हा चाचपणी केली. 1947 मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झाले. फेररचनेनंतर कंपनीला हट्टीचे नाव मिळाले. आज ती कर्नाटक सरकारच्या मालकीची आहे.

सुरुंगाने फोडलेला दगड उभ्या विवरांतून (मल्लप्पा शाफ्ट हे त्यांपैकी एक) वर ओढला जातो. तो भरडून, गिरणीत पीठ करून त्यातले सोन्याचे जाडसर कण वजनाच्या फरकाने वेगळे काढतात. उरलेले सोने सायनाइडच्या द्रावणात विरघळवून कोळशावर धरतात, विजेच्या साहाय्याने सोडवतात आणि भट्टीत वितळवून त्याच्या लगडी ओततात. टनामागे सोने मिळते तीन-चार ग्रॅम. म्हणजे एका तोळ्यासाठी तीन-चार टन दगड. वर्षाचे उत्पादन दीड टनाच्या आसपास.

उरतो तो चोथा. सोन्याच्या सोबतीने या खडकात आर्सेनिकयुक्त खनिज असते, त्यामुळे या राखाडी ढिगांचे पाणी भोवतालच्या विहिरींत झिरपू न देणे हे खाणीचे सर्वांत जोखमीचे काम आहे. याच चोथ्यात सोन्याचा थोडा अंशही राहिलेला असतो.