महागडं औषध आणि जामखेडची वाट
१८८२ साली प्रथम वर्णन झालेल्या गॉशे या आनुवंशिक रोगात विकराच्या कमतरतेनं पेशींत मेद साठतो. मूल फिकट पडतं, पाणथरी वाढून पोट पुढं येतं. त्यावरचं पहिलं विकर अमेरिकेत १९९१ मध्ये मंजूर झालं, तेही मानवी वारेतून काढलेलं! औषध महागडं, म्हणून सरकारी मदत लागते; भारताचं दुर्मिळ रोगांचं धोरण २०२१ चं. त्यातल्या मदतीची मर्यादा पुढं ५० लाख रुपयांवर गेली. पण पैशाआधी निदान हवं. इतक्या विरळ रोगासाठी खेड्यात खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पण त्यासाठी वेगळा खटाटोप लागतच नाही. तेव्हाच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० पासून गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. फिकट, पोट सुटलेलं मूल सर्वांत आधी अशा सेविकांच्याच नजरेस पडतं. तिथून निदानासाठी मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंतची साखळी बांधणं सरकारचं काम आहे.