धंद्याची ओळख कोणी करून द्यावी?

माध्यमिक शाळेतील मुलांना निरनिराळ्या धंद्यांची ओळख व्हावी, त्याकरिता त्या त्या धंद्यातील जाणती माणसे शाळेत बोलवावी, ही चाल आता पुष्कळ ठिकाणी पडली आहे. चाल चांगली आहे. परंतु बोलवावयाचे कोणाला, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. या प्रश्नाच्या मुळाशी असलेला वाद आपल्या वर्धा शहरात मोठ्या माणसांनी एकदा घातलेला आहे. त्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

आधी घरची गोष्ट सांगतो, म्हणजे हा विषय आम्ही का घेतला ते कळेल. आम्ही नववीत असताना शाळेत असाच एक मेळावा भरला. व्यासपीठावर एक डॉक्टर, एक वकील आणि एक इंजिनियर बसले होते. तिघेही कळकळीने बोलले. शेवटी गुरुजींनी विचारले, ‘‘तुमच्यापैकी कोणाचे वडील व्यवसाय करतात?’’ आमचे वडील जिनिंगमध्ये फिटर होते. कपाशीतून सरकी वेगळी करणारे रेचे ते नुसत्या आवाजावरून पारखीत. आम्ही हात वर केला नाही. त्यांच्या कामाला व्यवसाय म्हणतात, हे तोवर आम्हांस कोणी सांगितलेच नव्हते. पुढल्या वर्षी शाळा सुटली. नंतर जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री.

त्या वाचनात एक गोष्ट सापडली. धंदा-मार्गदर्शनाची पद्धतशीर सुरुवात अमेरिकेतील बोस्टन शहरी फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली केली, आणि ती परदेशाहून आलेल्या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत केली. त्यांचे सूत्र सोपे होते : आधी स्वतःस ओळखा, मग कामे ओळखा, आणि दोहोंचा मेळ विचाराने घाला. पार्सन्स त्याच वर्षी वारले. त्यांचे पुस्तक १९०९ साली निघाले. म्हणजे या विद्येचा जन्म मजुरांच्या दारात झालेला आहे. पुढे तीच मजुराला विसरली, हा भाग वेगळा.

आता वर्ध्याकडे वळू. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथील मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, शिक्षणपरिषद भरली. अध्यक्ष गांधीजी होते. मुंबईचे बाळासाहेब खेर, आपल्या मध्यप्रांताचे रविशंकर शुक्ल, तसेच डॉ. झाकिर हुसेन, विनोबा, प्रा. के. टी. शहा अशी मंडळी जमली होती. गांधीजींचे म्हणणे असे की, मुलाचे सारे शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या द्वारे व्हावे, आणि त्या कामातून शाळेचा खर्चही निघावा.

प्रा. शहांनी यास स्पष्ट विरोध केला. शाळेतील मुलांचा माल बाजारात आला तर पोटासाठी तेच काम करणाऱ्या कारागिराने जावयाचे कोठे, असा त्यांचा सवाल होता. आम्हां युनियनवाल्यांस हा सवाल आजही खरा वाटतो. शिकाऊ म्हणून पोरे भरावयाची आणि कायम कामगाराला घरी बसवावयाचे, हा प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. नंतर झाकिर हुसेन समितीने आपल्या अहवालात, कमाईच्या नादात शिक्षणाचा हेतू मागे पडू नये, असा इशारा दिला, तो उगीच नव्हे.

परंतु याच अहवालात एक फार मोठी गोष्ट होती. सूत कातणे व विणणे, सुतारकाम, शेती, फळबाग व भाजीपाला यांच्याच पंक्तीला चामड्याचे काम बसविले होते. ज्या कामाला हात लावणाऱ्या माणसाला गावाने वेशीबाहेर ठेवले, ते काम कोणाही मुलाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकते, असे कागदावर लिहिले गेले. लगोलग, ३० डिसेंबर १९३८ रोजी, मगनवाडीत मगन संग्रहालय उघडले. ग्रामोद्योगांची साधने आणि त्यांतून होणारा माल तेथे पाहावयास मिळू लागला.

मग नई तालीम मागे का पडली? कारणे पुष्कळ आहेत. एक आम्ही वस्तीतल्या वृद्धांच्या तोंडून ऐकले आहे. ‘‘साहेबाचा पोरगा इंग्रजी शिकणार आणि आमच्या पोराने शाळेतही टकळीच फिरवायची काय?’’ या बोलण्यात आळस नव्हता, अनुभव होता. ज्या कामाला समाज दाम देत नाही आणि मानही देत नाही, ते काम शाळेने कितीही गौरवले तरी बाप आपल्या मुलाला त्यापासून दूरच ठेवणार. २००५ साली सेवाग्रामला आनंद निकेतन या नावाने नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली, ही आनंदाची गोष्ट. परंतु त्या बापाचा प्रश्न तिच्याही पुढे उभाच आहे.

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने १९५३ साली माध्यमिक शाळांकरिता धंदा-मार्गदर्शक शिक्षक सुचविले. इतकेच नव्हे, तर निरनिराळ्या उद्योगांतील काम दाखविणारे चित्रपट तयार करावे आणि मुलांनी ते काम प्रत्यक्ष जाऊन पाहावे, असेही सांगितले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला. सांगणारे कमी नव्हते.

आमचे मागणे एवढेच. डॉक्टर, वकील यांना अवश्य बोलवा. कामगाराच्या मुलीने डॉक्टर व्हावे, यासाठीच तर आम्ही लढतो. पण त्यांच्या शेजारी, तशाच खुर्चीवर, जिनिंगचा फिटर, विजेच्या खांबावर चढणारा वायरमन, इस्पितळातील परिचारिका आणि हळद पिकविणारी शेतकरीण यांनाही बसवा. त्यांनी कामातले कसब सांगावे. पगार किती, धोका कोणता, इजा झाली तर कायदा काय देतो, हेही सांगावे. सुंदर तेवढेच दाखविले तर ती ओळख नव्हे, जाहिरात होय.

असे झाले म्हणजे गुरुजींनी पुन्हा तोच प्रश्न विचारावा. त्या वेळी वर्गातील सगळे हात वर गेले पाहिजेत.