कल्याणची हमिदा बानू : वजन मोजलं, कुस्ती नाही

महिला पैलवानांची चर्चा निघाली की आपल्याला हरियाणा आठवतो. कल्याण आठवत नाही. पुरुष पैलवानांना आस्मान दाखवणारी हमिदा बानू याच कल्याणात दुधाच्या धंद्यावर जगली.

ती मूळची मिर्झापूरची. कुस्ती शिकली अलीगढला, सलाम पहिलवानाकडे. ‘मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन’ हे तिचं आव्हान १९५४ साली गाजलं. त्या वर्षी मे महिन्यात बडोद्याला बाबा पहिलवानाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट केलं.

वर्तमानपत्रांनी काय छापलं? उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. रोज किती लिटर दूध, किती अंडी, किती मटण, किती प्लेट बिर्याणी. तिला नुसतं पाहिलं तरी अंगावर काटा येतो, इथवर मजल गेली. तिचे डाव, तिची पकड यावर मात्र फारसं काही नाही. पुरुष पैलवानाचा खुराक म्हणजे तालमीची शान. गावोगावच्या जत्रेत तो कौतुकाने सांगितला जातो. तोच खुराक बाईच्या पोटात गेला की तमाशा होतो. बाईने शेवटी उरलंसुरलं खावं, ही आपल्या घराघरातली रीत. तिला पोटभर जेवणारी, ताकदवान बाई कशी मानवणार?

आमच्या महाराष्ट्राने काही वेगळं केलं नाही. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. एकदा पुरुषाला हरवल्यावर लोकांनी तिच्यावर दगड फेकले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. कुस्त्यांना आडकाठी होते म्हणून तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर असं आलं की, बाई म्हणून बंदी नाही. आयोजक तिच्यासमोर डमी पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत.

हे उत्तर नीट वाचायला हवं. संविधान लागू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. अनुच्छेद १५ ने लिंगावरून भेदभाव करायला राज्याला मनाई केली होती. ‘बाई आहे म्हणून नाही’ असं म्हणणं त्यामुळे भागच होतं. मग दुसरी वाट निघाली. नुरा कुस्त्या पुरुषांच्या फडातही होत होत्या, त्यासाठी कुणी पुरुषांची कुस्ती संशयित ठरवली नाही. बाई जिंकली की मात्र आधी तिचं बाईपण तपासायचं आणि मग तिचा विजय. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, ते याच समाजात. कायद्यात लिहिलेली समता आखाड्याच्या दाराशी कशी अडते, ते इथे दिसतं.

पुढचं तर फार वाईट आहे. युरोपात कुस्तीला जायचं तिने ठरवलं, तेव्हा सलाम पहिलवानाने मारहाण करून तिचे हातपाय मोडले, असं तिच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. म्हणजे बाहेरच्यांना हे शरीर नको होतं आणि घरच्या वस्तादाला ते स्वतःच्या मुठीत हवं होतं. त्यानंतर तिची कुस्ती संपली. जिच्या दुधाचे लिटर वर्तमानपत्रं मोजत होती ती कल्याणात दूध विकू लागली, शेवटी रस्त्याकडेला खाऊ विकून दिवस काढले. १९८६ साली ती गेली.

महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली १९६१ मध्ये. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीत, आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. कल्याणपासून सांगलीपर्यंतच्या या वाटेत हमिदा बानूचं नाव कुठे तरी लिहायला हवं. सुरुवात कल्याणच्या एखाद्या चौकापासून करता येईल.