बॅबेजचं अपुरं यंत्र

परवा टीममधल्या एका नवीन मुलीचा कोड मी तिसऱ्यांदा परत पाठवला. चालत होता हो, पण मला हवा तसा सुबक नव्हता! ती काही बोलली नाही, नुसती उशिरापर्यंत बसून राहिली. घरी येताना मला चार्ल्स बॅबेज आठवला.

बॅबेज म्हणजे आपल्या धंद्याचा मूळपुरुष. १८२१ साली जॉन हर्शलबरोबर खगोलशास्त्राची कोष्टकं तपासताना त्याला चुकाच चुका सापडल्या. हे काम यंत्रानेच करावं, असं त्याच्या मनाने घेतलं. त्यातून निघालं 'डिफरन्स इंजिन'. आकडेमोड यंत्र करणार, छपाईही तेच करणार. माणसाच्या चुकीला जागाच नको! ब्रिटिश सरकारने १८२३ पासून एकूण १७,००० पौंडांहून जास्त पैसे ओतले. १८३३ मध्ये कारागीर जोसेफ क्लेमेंटशी पैशांवरून बिनसलं आणि काम थांबलं. पुढच्याच वर्षी बॅबेजला त्याहून सरस 'अ‍ॅनालिटिकल इंजिन' सुचलं. मग जुन्यात जीव कसा रमणार? १८४२ मध्ये सरकारने नाद सोडला.

गंमत पुढेच आहे. स्टॉकहोमच्या गेओर्ग शॉइट्झ नावाच्या छापखानेवाल्याने या यंत्रावरचा १८३४ चा एक लेख वाचला. मुलगा एडवर्डच्या मदतीने त्याने १८४३ पर्यंत नमुना आणि १८५३ मध्ये पूर्ण यंत्र उभं केलं. बॅबेजच्या आराखड्याची सफाई त्यात नव्हती. पण ते कोष्टकं छापत होतं! १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. तसंच दुसरं यंत्र १८५९ मध्ये खुद्द ब्रिटिश सरकारने आयुर्मानाच्या कोष्टकांसाठी घेतलं. ते लहरी होतं, सारखं लक्ष द्यावं लागे, तरी त्याने काम केलं.

बॅबेज जळफळला असेल ना? मुळीच नाही. त्याने या बापलेकांचं मनापासून कौतुक केलं, रॉयल सोसायटीने त्यांना पदक द्यावं म्हणून शब्दही टाकला. दुसऱ्याचं ओबडधोबड काम त्याला गोड वाटलं, स्वतःचं मात्र कधी पुरं वाटलं नाही.

त्याचा आराखडा चुकीचा नव्हताच. १८४७-४९ मध्ये त्याने काढलेल्या नव्या नकाशांवरून लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये गणन करणारा भाग बांधला आणि तो चालला. पण बॅबेज १८७१ मध्येच गेला होता.

असो. माझ्यात बॅबेजची बुद्धी नाही, नुसता हट्ट तेवढा आला आहे. सोमवारी तो कोड पास करतोय, आणि आधी तिला सॉरी म्हणणार आहे.