एका कलमदानाचें शिसपेन्सिलीचें चित्र

एका घराण्याच्या रुमालांत आम्हांस नुकतेंच पितळी कलमदानाचें एक शिसपेन्सिलीचें चित्र पाहावयास मिळालें. त्यावर चित्रकाराचें नांव नाहीं, मिति नाहीं, मापहि नाहीं. मूळ वस्तु मोडींत गेल्याचें घरची मंडळी सांगतात. तेव्हां हा कागद हाच काय तो पुरावा.

कलमदान म्हणजे बोरू ठेवण्याची लांबट पेटी व तिला जडलेली दौत. कारकून तें कमरेस खोवीत. ‘दौत’ हें अरबी ‘दवात’ शब्दाचें मराठी रूप. संस्कृतांत हें मषीपात्र.

चित्रकार निष्णात नव्हे. दौतीच्या तोंडाचें लंबवर्तुळ एका बाजूस फुगलें आहे. परंतु त्याच तोंडाच्या उजव्या कडेवर पेन्सिल दाबून त्यानें वाळलेल्या शाईचें जें कीट दाखविलें आहे, तें मोठें मोलाचें आहे. बोरू बुडविल्यावर जादा शाई नेहमीं एकाच ठिकाणीं निपटण्याची कोणा लेखकाची संवय त्यांत उतरली आहे. वस्तु घांसूनपुसून काढण्याचा मोह त्यास झाला नाहीं, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों. (आमचे संग्राहक मित्र मात्र चिंच लावल्याविना पितळ घरांत घेत नाहींत!)

हें चित्र मॅलेटच्या पदरच्या गंगाराम तांबटाचें असावें असा एका स्नेह्यांचा तर्क आहे. गंगारामानें 1790 च्या सुमारास वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें काढिलीं, हें खरें; परंतु प्रस्तुत तर्क आम्हांस मान्य नाहीं. झाकणावर चार मोडी अक्षरें कोरलेलीं दिसतात. मोडी लिहिणारा आधीं सबंध रेघ ओढतो व मग तिच्याखालीं अक्षरें लिहितो. येथें प्रत्येक अक्षरावर रेघ तुटली आहे, म्हणजे बालबोध वळणाच्या हातानें तीं न वाचतां नुसतीं आकृति म्हणून उतरलीं आहेत. पेशवाईंतील पुणेकरास अशी चूक संभवत नाहीं. शिवाय कोरी पार्श्वभूमि व डावीकडून पडणारा उजेड ही शाळांतील वस्तुचित्रणाची रीत असून, ती 1857 सालीं मुंबईस जे. जे. कलाशाळा निघाल्यानंतर इकडे रुळली.

चित्र अर्वाचीन ठरलें म्हणून तें टाकाऊ ठरत नाहीं. उलट, वाचतां न येणाऱ्यानें उतरलेलीं अक्षरें मनाजोगतीं ‘सुधारलेलीं’ नसतात. तिसरें अक्षर आम्ही ‘पं’ वाचतों. उरलेल्या तिहींवर मोडीज्ञांनीं दृष्टि टाकावी. तोंवर मालकांनीं कागद रुमालांत न दुमडतां, वर आम्लरहित कागद घालून, सपाट ठेवावा; झाकणावरची पेन्सिल घडीपाशीं आधींच पुसट होत चालली आहे.